आईकडून धर्म, बापाकडून याजकपण: ज्यू घराण्यांत वंश कसा धरतात?

अश्दोदकर

लेकीचं लग्न ठरलं. मुलगा गुणी, घरची माणसं मोकळी, आडनाव कोहेन. ठाण्याला थोरल्या बहिणीला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, "नुसता आडनावाचा कोहेन, की खराच?" खराच निघाला. मग पुढचे चार महिने आमच्या घरात वंशावळीखेरीज दुसरा विषय नव्हता. त्या चार महिन्यांत जे वाचलं, वडीलधाऱ्यांना विचारलं, ट्रंकांमधून शोधलं, ते इथे लिहिते आहे. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. माहेर ठाण्याचं, आजोळ अलिबागेकडचं, आणि गेली पंचवीस वर्षं इस्राएलमधल्या अश्दोदला.

आधी मूळ गाठ. ज्यू माणसाचा वंश दोन बाजूंनी येतो आणि दोन्ही बाजूंचं काम वेगळं असतं. माणूस ज्यू आहे की नाही ते आईवरून ठरतं. आई ज्यू तर मूल ज्यू, बाप कोणीही असो. पण ज्यूंमध्ये त्याचं घराणं कोणतं, कोहेन, लेवी की साधा इस्राएल, ते बापावरून ठरतं. कोहेन म्हणजे मोशेचा भाऊ अहरोन याचे वंशज, यरुशलेमच्या मंदिरातले याजक. अहरोन ज्या लेवीच्या वंशातला, त्या वंशातले बाकीचे ते लेवी. मंदिरात गाणं, दारं राखणं, याजकांना मदत करणं ही त्यांची कामं. उरलेले आम्ही सगळे इस्राएल.

हे दोन नियम एकमेकांना छेद देतात असं मला लहानपणापासून वाटायचं. ते कसे जुळतात ते मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात, किद्दुशीन या भागाच्या तिसऱ्या अध्यायात सापडलं. लग्न वैध आणि निर्दोष असेल तर मूल बापाच्या घराण्यात जातं. लग्न वैध आहे पण करायला नको होतं, असं असेल तर मूल दोघांपैकी ज्याच्या बाजूला उणेपण आहे त्याच्यामागे जातं. आणि जिथे शास्त्राप्रमाणे लग्न लागूच शकत नाही, म्हणजे ज्यूचं बिगरज्यूशी, तिथे मूल आईचं. म्हणून कोहेन बापाला बिगरज्यू बायकोपासून झालेला मुलगा ना कोहेन, ना ज्यू. उलट ज्यू आई आणि बिगरज्यू बाप असेल तर मूल पुरतं ज्यू, पण त्याला बापाकडून घराणं नाही.

आता यातली दुसरी तऱ्हा, "वैध पण नको होतं", हीच कोहेनांच्या घरात नेहमी डोकं वर काढते. कोहेनाने घटस्फोट झालेल्या बाईशी लग्न करायचं नाही. धर्मांतर करून ज्यू झालेल्या बाईशीही नाही. विधवेशी चालतं, ती मनाई फक्त मुख्य याजकाला होती. नियम मोडून लग्न केलंच तर ते लग्न टिकतं, मुलंही ज्यूच असतात, पण मुलगा कोहेन राहत नाही. त्याला 'हालाल' म्हणतात. ऐकायला अरबी हलालसारखा शब्द, अर्थ मात्र जवळजवळ उलटा: पावित्र्य गमावलेला. आणि एकदा धागा तुटला की त्याच्या मुलानातवंडांनाही तो परत मिळत नाही. आजही इस्राएलमध्ये कोहेन मुलगा आणि घटस्फोटित मुलगी यांचं लग्न धार्मिक नोंदणीत लागत नाही. अशी जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करून येतात.

त्यामुळे आमच्या लेकीच्या बाबतीत दोन गोष्टी दाखवायच्या होत्या. ती ज्यू आहे, आणि जन्माने ज्यू आहे. माझं लग्न ठाण्याच्या आमच्या मशिदीत लागलं (बेने इस्राएल लोक सिनेगॉगला पूर्वापार मशीद म्हणतात, वाचताना घोटाळा नको), तेव्हा माझा केतुबा, माझ्या आईचा केतुबा आणि जमल्यास आजीचा, असे कागद मागितले गेले.

केतुबा म्हणजे विवाहाचा करारनामा. भाषा अरामी, अक्षरं हिब्रू. त्यात वधूवरांची नावं बापाच्या नावासकट असतात, वर कोहेन असेल तर नावापुढे 'हाकोहेन' लिहितात. पण खरी मौज वधूच्या नावाआधीच्या एका शब्दात आहे. कुमारिका वधू असेल तर 'बेतुल्ता', विधवा 'अरमल्ता', घटस्फोटित 'मेतारख्ता', धर्मांतर केलेली 'गियोरेता'. रक्कमही त्याप्रमाणे, कुमारिकेला २०० झूझ (जुनी चांदीची नाणी), विधवेला १००. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या एका शब्दावरूनही माझ्या लेकीच्या वंशाची चौकशी वाढू शकत होती. तो कागद हातात येईपर्यंत मला झोप नव्हती.

बाकीचं प्रतिसादांत लिहीन. कोणाला काही माहीत असेल तर जरूर भर घाला.

---

शाईपेन

छान धागा. म्हणजे हे आपल्या गोत्रासारखं झालं का? कोहेन हे एक गोत्र, मूळपुरुष अहरोन? आणि याची नोंद कोण ठेवत होतं? आमच्या घराण्याची सात पिढ्यांची नावं त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत मिळाली, चुलत्यांची सही सकट. तसं काही?

---

अश्दोदकर

@शाईपेन, मूळपुरुषाकडून बापामागे चालत येतं, इथपर्यंत गोत्रासारखं. पण गोत्रात सगोत्र लग्न टाळतात. इथे तसं नाही, कोहेनाने कोहेनाच्या मुलीशी लग्न करणं उलट चांगलं मानत.

वह्यांबद्दल विचारलंत, तर हो, होत्या. आणि फार काटेकोर होत्या. इतिहासकार योसेफस स्वतः याजक घराण्यातला होता. पहिल्या शतकात तो लिहितो की याजकांच्या वंशावळी यरुशलेमच्या दप्तरात जपलेल्या असत. इजिप्तमध्ये, बाबिलोनमध्ये राहणारे याजकही लग्न करताना बायकोच्या घराण्याची चौकशी करून नावं यरुशलेमला कळवत. मिश्नातलं एक वर्णन तर डोळ्यांसमोर उभं राहतं. मंदिराच्या आवारात घडीव दगडांची एक खोली होती. तिथे न्यायसभा बसे आणि याजकांच्या वंशाची छाननी करी. ज्याच्यात खोट निघे तो काळे कपडे घालून निघून जाई. ज्याच्यात निघत नसे तो पांढरे कपडे घालून आत जाई आणि आपल्या भावंडांबरोबर सेवेला लागे. कोणी ओरडत नव्हतं, शिक्षा नव्हती. एक माणूस काळ्या कपड्यांत दाराबाहेर जातोय, एवढंच.

त्याच्याही आधीचं, बायबलच्या एज्रा पुस्तकातलं. बाबिलोनच्या बंदिवासातून लोक परतले, तेव्हा तीन घराण्यांनी, हबया, हक्कोस आणि बर्जिल्ल्य यांच्या वंशजांनी, आपण याजक असल्याचं सांगितलं. वंशावळीत शोधलं, नावं मिळाली नाहीत. त्यांना याजकपणातून बाजूला ठेवलं. अधिपतीने सांगितलं, उरीम आणि थुम्मीम (देवाचा कौल घ्यायची साधनं) घेतलेला याजक उभा राहीपर्यंत यांनी परमपवित्र अन्न खाऊ नये. म्हणजे "तुम्ही खोटे" असं कोणी म्हटलं नाही. देवाकडून उत्तर येईपर्यंत थांबा, असं सांगितलं. कागद न सापडलेल्या माणसांची ही गोष्ट मी या चार महिन्यांत कितीदा वाचली असेल.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं. त्यानंतर असं मध्यवर्ती दप्तर उरलं नाही.

---

वसईवाला

आम्ही ख्रिस्ती लोक दर नाताळाआधी हे वाचतो आणि अर्थाकडे लक्ष देत नाही. लूकच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात जखऱ्या याजक "अबीयाच्या वर्गातला" आहे आणि त्याची बायको अलीशिबा "अहरोनाच्या कन्यांपैकी". म्हणजे दोघंही याजक घराण्यांतली, वर अश्दोदकर ताईंनी लिहिलं तसं. याजकांचे २४ वर्ग होते, पाळीपाळीने मंदिरात सेवा करत. पहिल्या इतिहासाच्या २४ व्या अध्यायात यादी आहे, अबीयाचा क्रमांक आठवा.

---

अश्दोदकर

@वसईवाला, अगदी बरोबर, आणि आभार. योसेफस स्वतःला त्यातल्या पहिल्या वर्गातला, यहोयारीबाच्या, म्हणवतो.

---

दुपारचा_चहा

पण दप्तर गेलं इ.स. ७० ला. आज जवळजवळ दोन हजार वर्षं झाली. मग आजचा कोहेन कशावरून कोहेन? उद्या कोणीही उठून म्हणेल.

---

अश्दोदकर

याला शास्त्रात एक शब्द आहे, 'हझाका'. मराठीत जवळचा शब्द सुचवायचा तर वहिवाट. एखादं घराणं पिढ्यान् पिढ्या चारचौघांसमोर कोहेन म्हणून वागत आलं, कोणी हरकत घेतली नाही, तर ते कोहेन धरायचं. कागद नाही, साक्ष आहे. आणि ती साक्ष एकदाच देऊन संपत नाही. दर आठवड्याला, दर सणाला, दर मयताला ती पुन्हा द्यावी लागते.

कशी, ते सांगते. शनिवारी मशिदीत तोरा (मोशेची पाच पुस्तकं) वाचायला माणसं बोलावतात, तेव्हा पहिला मान कोहेनाचा, दुसरा लेवीचा, मग बाकीच्यांचा. सगळ्या गावासमोर तुमच्या बापाच्या नावानं पुकारा होतो, "अमक्याचा मुलगा अमका, हाकोहेन". त्या वेळी तुम्ही उठता आणि कोणी काही बोलत नाही, ही झाली साक्ष. मग याजकांचा आशीर्वाद, गणना पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली तीन वचनं, हिब्रूत एकूण १५ शब्द. कोहेन पायातले जोडे काढतात, लेवी त्यांच्या हातांवर पाणी घालतात. मग डोक्यावरून तालीत (प्रार्थनेची शाल) घेऊन, बोटांची विशिष्ट फाक करून ते आशीर्वाद देतात. लोक त्यांच्या हातांकडे बघत नाहीत, नजर खाली. यरुशलेममध्ये हे रोज सकाळी होतं.

पहिलटकरणीला मुलगा झाला की तिसाव्या दिवसानंतर त्याला कोहेनाकडून पाच शेकेल चांदी देऊन 'सोडवून' आणायचं असतं. बाप कोहेन किंवा लेवी असेल, किंवा आई कोहेनाची वा लेवीची मुलगी असेल, तर सोडवायची गरज नाही. आईच्या माहेरचं याजकपण मुलाला लागू पडतं ती ही एवढीच जागा.

आणि शेवटी स्मशान. कोहेनाने प्रेताजवळ जायचं नाही, कबरीजवळ जायचं नाही. अपवाद सात जणांचा: आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ, लग्न न झालेली बहीण आणि बायको. मित्र गेला तरी कोहेन दफनभूमीच्या बाहेर उभा राहतो, आणि ते सगळ्यांना दिसतं. तो स्वतः गेला की त्याच्या थडग्यावर आशीर्वादाचे दोन हात कोरतात, लेवीच्या थडग्यावर पाण्याचा तांब्या. पूर्व युरोपातल्या जुन्या दफनभूम्यांमध्ये आज लोक या कोरीव हातांवरूनच घराणी ओळखतात.

आडनावाचं म्हणाल तर त्यावर भरवसा नाही. कोहेन, कान, कागान, कात्झ ही कोहेनांची आडनावं, लेवी, लेविन, सेगल ही लेवींची. पण आडनाव असून घराणं नसलेले खूप, आणि घराणं असून आडनाव भलतंच असलेलेही. माझ्या बहिणीचा प्रश्न म्हणूनच रास्त होता.

---

रातकिडा

बोटांची फाक वाचून लक्षात आलं. 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या स्पॉकचा तो प्रसिद्ध नमस्कार हाच! ते काम करणारे लेनर्ड निमॉय ज्यू होते. लहानपणी सिनेगॉगमध्ये बघायचं नाही असं सांगितलेलं असताना डोळे किलकिले करून कोहेनांचे हात बघितले, तिथून ती खूण घेतली, असं त्यांनीच सांगितलं आहे. अनेक वर्षं ती खूण करत आलो, आज कळलं कुठून आली.

---

गुणसूत्र

बापाकडून मुलाकडे तसाच्या तसा जाणारा वंश म्हटलं की वाय गुणसूत्र आठवणारच. १९९७ साली कार्ल स्कोरेकी, मायकल हॅमर आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये छोटा निबंध छापला. स्कोरेकी स्वतः कोहेन. एकदा सिनेगॉगमध्ये उत्तर आफ्रिकी वंशाचा दुसरा कोहेन तोरा वाचायला उठलेला पाहून त्यांना वाटलं, परंपरा खरी असेल तर दिसायला इतके वेगळे आम्ही दोघं एकाच पुरुषाची मुलं, मग गुणसूत्रात काही सारखं असायला हवं. निघालंही. १९९८ ला सहा खुणांचा एक ठरावीक संच जवळपास निम्म्या कोहेनांत सापडला, युरोपीय कोहेनांतही आणि भूमध्य-मध्यपूर्वेकडच्याही. २००९ साली जास्त खुणा घेऊन पुन्हा तपासलं, तेव्हा जे१ गटातल्या एका शाखेत पुष्कळ कोहेन एकत्र आले.

पण दोन गोष्टी जोडायला हव्यात. एक, निम्मे म्हणजे सगळे नव्हेत. बाकीच्या निम्म्या कोहेनांचे मूळपुरुष वेगवेगळे दिसतात. दोन, तो सहा खुणांचा संच मध्यपूर्वेतल्या बिगरज्यूंमध्येही मिळतो. म्हणून "माझ्यात तो संच आहे, मी अहरोनाचा वंशज" असं म्हणता येत नाही. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या लेंबा लोकांत, खास करून त्यांच्या बुबा कुळात, हा संच बराच सापडला, आणि त्यांच्या ज्यू मूळाच्या आठवणीला त्यामुळे बळ मिळालं. युरोपीय लेवींचं मात्र उलट झालं. त्यांच्यातल्या मोठ्या गटाचं वाय गुणसूत्र कोहेनांपेक्षा अगदी वेगळं, आर१ए गटातलं.

---

अश्दोदकर

@गुणसूत्र, फार छान मांडलंत. यात एकच भर. धर्मशास्त्रात डीएनए चाचणीने कोणी कोहेन होत नाही आणि कोणाचं कोहेनपण जातही नाही. वहिवाटच धरतात. मला ते पटतं. घटस्फोटित बाईचा मुलगा 'हालाल' असला तरी त्याचं वाय गुणसूत्र बापाचंच असतं. गुणसूत्राला लग्न कोणाशी झालं ते कळत नाही.

---

कुलाबा_किनारा

अलिबागकर हजर. आमच्या इथली इस्राएल आळी, तिथली मागेन आबोथ मशीद, १८४८ सालची. शाळेत माझ्या बाकावर बेने इस्राएल मुलगा होता. नवगावला ती जुनी दफनभूमी आणि स्मारक आहे, लहानपणी सायकलने जायचो. तुमच्यातली आठवण अशी सांगतात की जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना नवगावला पुरलं. पुढे तेल गाळायचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनिवार तेली'.

प्रश्न असा, की आडनावं सगळी गावांवरून: केहिमकर, पेणकर, नवगावकर, दिवेकर, राजपूरकर, झिराडकर. कोहेन नाही की लेवी नाही. तुमच्यात याजक घराणी नव्हतीच का?

---

अश्दोदकर

@कुलाबा_किनारा, तुमचा प्रतिसाद वाचून आजोळचा वास आला.

नाही, आमच्यात कोहेन आणि लेवी घराणी नाहीत. परंपरेने आम्ही सगळे इस्राएल. म्हणून मशिदीत पहिला मान कोहेनाचा असला तरी तिथे कोहेनच नसला की आमच्यापैकीच कोणी उठायचं. कधी बगदादी किंवा कोचीनकडचा कोहेन पाहुणा आला तर त्याला आग्रहाने पुढे करायचे, घरी जेवायला न्यायचे. माझ्या लहानपणी एकदा असा पाहुणा आला होता आणि त्याने आशीर्वाद दिला, तेव्हा आजीने माझं डोकं पदराखाली घेतलं होतं. कोहेनांचा आशीर्वाद मी त्या एका दिवशी ऐकला, त्यानंतर थेट इस्राएलला आल्यावर.

याजक नसले तरी आमच्यात काजी होते. दावीद राहाबी नावाचा गुरू कोकणात आला, त्याने आम्हांला विसरलेले विधी शिकवले आणि झिराडकर, शापूरकर व राजपूरकर या तीन घराण्यांतली माणसं निवडून त्यांना शिकवून तयार केलं, असं आमच्यात सांगतात. लग्न लावणं, सुंता, तंटे मिटवणं ही कामं त्यांची, आणि तेही बापाकडून मुलाकडे. अहरोनाशी त्याचा संबंध नाही, पण एका समाजाला धर्म सांभाळायला घराणी लागली, हे मला फार बोलकं वाटतं.

आणि गावावरून आडनाव म्हणाल, तर तीच आमची वंशावळ. अमका कुठला, तर पेणचा, म्हणजे त्याच्या आत्या कोण, मावशा कोणाच्या घरात दिल्या, हे माझ्या आजीला घडाघडा यायचं. पण सरकारी टेबलावर असलं ज्ञान ठेवता येत नाही, आणि तिथूनच १९६२ चा प्रकार सुरू झाला.

१९६१ च्या ऑक्टोबरात इस्राएलच्या मुख्य रब्बी (धर्मगुरू) मंडळाने बेने इस्राएल ज्यू आहेत आणि त्यांच्याशी लग्न करायला हरकत नाही, असं ठरवलं. पण १९६२ च्या फेब्रुवारीत लग्न लावणाऱ्या रब्बींना सूचना गेल्या. अर्जदार बेने इस्राएल असेल तर त्याची आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करा, पूर्वजांत बिगरज्यू किंवा धर्मांतरित कोणी होतं का, घटस्फोट कसे झाले होते ते पाहा. शंका नुसती बिगरज्यू रक्ताची नव्हती. कोकणात शेकडो वर्षं एकटे राहिलेल्या लोकांनी घटस्फोट आणि विधवेच्या दिराशी लग्नाचे नियम शास्त्राप्रमाणे पाळले नसतील, मग त्यातून झालेली मुलं निषिद्ध ठरतील, ही खरी भीती होती. हे समजून घेता येतं. पण एकाच समाजाचं नाव घेऊन, त्याच्याच आज्या तपासायच्या?

माझे मामा तेव्हा पंचविशीत होते. १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेमला धरणं धरलं त्यात ते होते. बायकामुलं रस्त्यावर झोपायची. १७ ऑगस्ट १९६४ ला क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, जाहीर केलं की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत, कोणत्याही भेदाशिवाय, इतर ज्यूंसारखेच ज्यू आहेत. महिनाअखेरीस रब्बी मंडळाने सूचनांमधून आमचं नाव काढलं. मामा शेवटपर्यंत सांगायचे, "तिथे म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या आज्यांची नावं मोठ्याने म्हणत बसायच्या."

---

निवडुंग

लेख माहितीपूर्ण आहे, मेहनतही दिसते. पण वाचताना अस्वस्थ होतं. काळे कपडे, पांढरे कपडे, खोट, शुद्ध वंश. ज्या देशात आपण वाढलो तिथे या गोष्टींनी काय केलंय ते आपल्याला माहीत आहे. तुम्ही १९६२ बद्दल रागावता, आणि तरीही कोहेनाच्या नियमांबद्दल इतक्या प्रेमाने लिहिता?

---

अश्दोदकर

@निवडुंग, तुमचा प्रश्न टाळणार नाही.

आमच्या स्वतःच्या घरात हे पाप होतं. कोकणात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन भाग मानत. बेने इस्राएल बाप आणि बाहेरची आई यांची संतती ती काळी. लग्नव्यवहार नाही, ताटाला ताट नाही, मशिदीत मान शेवटी. ज्यांना १९६२ मध्ये "तुमच्या आजीचं काय?" हा प्रश्न झोंबला, त्यांच्याच आजोबांनी तो प्रश्न शेजाऱ्याला विचारला होता. माझ्या आजीने मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज खाली गेला होता. मी ते लपवणार नाही.

कोहेनांचं मला वेगळं वाटतं, कारण तिथे घराण्याबरोबर हक्क कमी आणि बंधनं जास्त येतात. कोहेनाला जमिनीत वाटा नव्हता. आज त्याला पैसा नाही, सत्ता नाही. मित्राच्या मयताला तो जाऊ शकत नाही, आवडत्या बाईशी कदाचित लग्न करू शकत नाही. पण ती बाई सायप्रसला जायच्या विमानात बसते तेव्हा तिला काय वाटत असेल, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. घटस्फोटितेला लागणारा बोल मला मान्य नाही. एवढं मी माझ्या व्याह्यांनाही सांगितलं. ते गप्प राहिले, मग म्हणाले, "आमच्या घरातही अशी एक गोष्ट आहे."

---

शाईपेन

सगळे ज्यू हे असंच मानतात का? अमेरिकेत माझ्या सहकाऱ्याची आई ख्रिस्ती, बाप ज्यू, आणि तो स्वतःला ज्यू म्हणवतो.

---

गुणसूत्र

@शाईपेन, तुमचा सहकारी बहुधा रिफॉर्म पंथाचा. १९८३ साली अमेरिकेतल्या रिफॉर्म रब्बींनी ठरवलं की आई किंवा बाप कोणीही ज्यू असेल आणि मूल ज्यू म्हणून वाढलं असेल तर ते ज्यू. सनातनी ते मानत नाहीत. कराइट ज्यू (फक्त बायबल मानणारे, रब्बींची परंपरा न मानणारे) तर उलट बापावरूनच धरतात. आणि इस्राएलचा परत येण्याचा कायदा तिसराच. १९७० च्या दुरुस्तीनंतर एक आजी किंवा आजोबा ज्यू असले तरी नागरिकत्व मिळतं. म्हणजे एकच माणूस देशाच्या लेखी आत आणि लग्नाच्या टेबलावर बाहेर असू शकतो.

शोमरोनी लोकांची (ज्यूंच्या जवळचा, तोरा मानणारा छोटा समाज) गोष्ट यात सांगण्यासारखी आहे. त्यांचा मुख्य याजक अहरोनाच्या थेट वंशातला असे. १६२४ साली तो वंश खुंटला, तेव्हा त्यांनी पद बंद न करता लेवीच्या दुसऱ्या घराण्याकडे दिलं. आजही ते चालू आहे.

---

कुलाबा_किनारा

जावईबापूंचं घराणं कुठलं ते सांगितलंच नाहीत, ताई. आणि आजीचा केतुबा मिळाला का?

---

अश्दोदकर

जावयाचे आजोबा ट्युनिशियातल्या जेरबा बेटावरचे, हारा सगीरा या वस्तीतले. ती वस्ती जवळजवळ सगळी कोहेनांची. पहिलं मंदिर पडलं तेव्हा याजक मंदिराचा एक दगड घेऊन तिथे आले, असं ते मानतात. गंमत म्हणजे तिथे लेवी नाहीत. एज्राने परत बोलावलं तेव्हा जेरबाचे लेवी आले नाहीत म्हणून त्याने शाप दिला, असं तिथले लोक सांगतात. म्हणजे त्यांच्यात सगळे याजक, आमच्यात एकही नाही. दोन्ही समुद्रकाठची माणसं, दोन्ही खोबऱ्याच्या नाही तर ऑलिव्हच्या तेलात वाढलेली. विहीण आणि मी पहिल्याच भेटीत माशांवर तासभर बोललो.

आईचा केतुबा ठाण्याला भावाकडे मिळाला. 'बेतुल्ता' स्पष्ट वाचता येत होतं. आजीचा नाही मिळाला. ट्रंक होती, आत वाळवीने केलेला भुगा होता. मग तिचं थडगं पुरावा म्हणून दाखवायचं ठरलं, दगडावर एका बाजूला हिब्रू आणि खाली मराठी असतं.

जानेवारीत आम्ही सगळे भारतात आलो. दफनभूमी गावाबाहेर, भाताच्या शेतांच्या कडेला. लेकीचा हात धरून जावई फाटकापर्यंत आला आणि थांबला. मग कुंपणाच्या बाहेर, बरंच लांब, एका उंडीच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. आम्ही आत गेलो, दगड धुतला, फोटो काढले. त्याला ऐकू जावं म्हणून मी मोठ्याने वाचलं, "रिबकाबाई", मग तिच्या बापाचं नाव, मग तिच्या नवऱ्याचं.

तिकडून त्याने विचारलं, "आणि तिची आई?"

दगडावर नव्हतं. आईच्या केतुब्यावरही नव्हतं, तिथेही बापाचंच नाव. ज्या बाजूने आम्ही ज्यू, त्या बाजूचं नावच कुठल्या कागदावर नाही. मी तिथेच बसले.

संध्याकाळी मोठ्या मावशीकडे गेलो. तिचं वय ८७. तिला विचारलं, आजीच्या आईचं नाव काय होतं गं? तिने विचारही केला नाही. म्हणाली, "राहेल. रिबका बात राहेल." म्हणजे राहेलची मुलगी रिबका. आजी शेवटच्या आजारपणात वर्षभर अंथरुणाला होती, तेव्हा दर शनिवारी मशिदीत तिच्यासाठी प्रार्थना व्हायची. आजारी माणसाच्या प्रार्थनेत बापाचं नाव घेत नाहीत, आईचं घेतात. मावशीने ते वर्षभर दर शनिवारी ऐकलं होतं.

मावशीच्या तोंडून ते मी फोनमध्ये ध्वनिमुद्रित करून घेतलं आणि कागदपत्रांबरोबर दिलं. लग्न पुढच्या महिन्यात आहे.